उभ्या गाडीतली शिकवणी

रोज दुपारी चारला बाई जिना उतरून खाली येत आणि त्यांच्या मागे, दोन पायऱ्या सोडून, अल्पविराम.

अल्पविराम हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. छापखान्यात प्रुफे तपासण्यात त्यांची अडतीस वर्षे गेली. माणूस नाकासमोर चालणारा, भिडस्त, परक्या माणसाशी बोलायचे म्हटले की घशाला कोरड पडणारा. बोलताना दर दोन शब्दांनी थबकायचे, म्हणून छापखान्यातल्यांनी हे नाव त्यांना चिकटवले. ते नाव घरी आले, बाईंना फार आवडले, आणि त्या भर रस्त्यात नवऱ्याला "अहो अल्पविराम" अशी हाक मारू लागल्या.

बाईंचे सगळे उलटे. एकतीस वर्षे त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवली. छोटी पांढरी गाडी, बाजूच्या सीटच्या पायाशी शिकवणाऱ्यासाठी बसवलेला जादा ब्रेक, आणि त्या ब्रेकपेक्षाही आधी लागणारा बाईंचा आवाज. गावातली निम्मी माणसे त्या आवाजाला घाबरून गाडी शिकली. शिकले नाहीत ते एकटे अल्पविराम. लग्नानंतर बाईंनी त्यांना आठ दिवस शिकवून पाहिले आणि नवव्या दिवशी हात टेकले.

"तुम्ही गाडी चालवत नाही हो, तपासता," त्या म्हणाल्या. "प्रत्येक खड्ड्यापाशी थांबून विचार करता, हा इथं हवा होता का!"

दोन वर्षांपूर्वी एका चौकात बाईंनी गाडी चालवणाऱ्या मुलीला विचारले, "आपण कुठं निघालो होतो गं?" मुलीला वाटले, बाई परीक्षा घेतायत. तिने उत्तर दिले. पुढच्या चौकात बाईंनी पुन्हा तेच विचारले, आणि मुलीने गाडी बाजूला घेऊन अल्पविरामांना फोन केला. त्यानंतर डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, बाईंचा परवाना परत गेला आणि गाडी इमारतीखालच्या आपल्या जागेत उभी राहिली. ती उभीच होती.

वर घरात बाई हळूहळू पाहुण्यासारख्या झाल्या. न्हाणीघर कुठे आहे ते विचारायच्या. अल्पविरामांना कधी "ते गृहस्थ" म्हणायच्या, कधी काहीच नाही. जेवायला बसवले तर ताटाकडे पाहत राहायच्या. चाळीस वर्षे ज्या घरात त्यांचा आवाज भिंतींना पुरत नसे, तिथे घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली.

पण खाली, गाडीत, बाई होत्या तशाच्या तशा होत्या. हे अल्पविरामांना योगायोगाने कळले. गाडीची धूळ झटकायला ते खाली गेले, तर बाई मागोमाग आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. पुढची नंबर प्लेट मोठ्याने वाचली, चाकांना पाय लावून पाहिला, मागची प्लेट वाचली, आरसा बोटाने सरळ केला, आणि बाजूच्या सीटवर बसून म्हणाल्या, "उभे काय राहिलात? बसा. वेळ जातोय."

अल्पविराम स्टीअरिंगमागे बसले. त्या दिवसापासून रोज पाऊण तास शिकवणी. इंजिन बंद, चावी अल्पविरामांच्या खिशात, गाडी तसूभरही हलत नव्हती.

"क्लच पूर्ण दाबा. पूर्ण म्हणजे पूर्ण. गोंजारू नका त्याला."

"दाबला."

"पहिला गिअर. आता आरसा. आरशात काय दिसतं?"

"भिंत."

"भिंत मागून येत नाही, तेव्हा निघायला हरकत नाही. चला."

कधी त्या अल्पविरामांना नवा विद्यार्थी समजत, कधी चौथ्यांदा नापास झालेला कुणी. पण महिन्यातून दोन-तीनदा मध्येच थांबून, मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहत आणि म्हणत, "अहो अल्पविराम, या जन्मी नाही यायचं तुम्हाला!" आणि हसत. जुने, पोटातून येणारे हसू. तेवढ्यासाठी अल्पविराम रोज वेगवेगळ्या चुका करून पाहत. कोणत्या चुकीवर बाई त्यांना ओळखतील ते सांगता येत नसे. शिकवणी झाली की बाई वर जाऊन पोटभर जेवत. तेवढे एक जेवण सुखाचे.

दीड वर्ष असे चालले. मग पत्र आले.

पत्र वाहन नोंदणी कार्यालयाचे होते. आपल्या गाडीचा विमा संपलेला आहे. रस्त्यावर न चालवलेली गाडीसुद्धा विम्याशिवाय ठेवता येत नाही. तीस दिवसांत एक तर विमा घ्यावा, नाहीतर गाडी वापरात नसल्याचे लिहून द्यावे. मुदत टळल्यास नंबर प्लेट जप्त होतील. अल्पविरामांनी पत्र तीनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचताना त्यांना त्यात एक अनुस्वार जास्तीचा सापडला.

विम्याचे काम करणारा माणूस त्यांचा जुना ओळखीचा. घरी आला, चहा घेतला, कागद चाळले आणि मान हलवू लागला.

"गाडी तुमच्या नावावर, चालक म्हणून वहिनींचं नाव. वहिनींचा परवाना गेला. म्हणजे गाडीला चालकच उरला नाही, साहेब. कंपनी विमा कुणाच्या भरवशावर देणार?"

"पण गाडी, चालवायचीच नाही."

"तेच तर! चालवायची नाही तर विमा कशाला, असं मी विचारत नाही, कंपनी विचारते. घरात दुसऱ्या कुणाचा परवाना?"

"मुलीचा आहे. पण ती, परगावी असते."

"मग तुमचा काढा की! बाईंचे यजमान तुम्ही. गावाला कळलं तर हसतील."

गाव हसले असते तर अल्पविरामांना चालले असते. ते खरोखरच परवान्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने त्यांचा एक डोळा झाकून समोरच्या फळ्यावरची अक्षरे वाचायला सांगितली. मग दुसरा झाकला. अडतीस वर्षे बारीक टाइप वाचलेला तो डोळा फळ्याच्या तिसऱ्या ओळीच्या खाली उतरेना. डॉक्टर म्हणाला, "काका, पुस्तकं वाचा. गाडीचं सोडून द्या."

यात पंधरा दिवस गेले. मुलीने फोनवर वेगळाच मार्ग काढला.

"बाबा, विकून टाका ना ती. आईला कळणारही नाही."

"कळेल," अल्पविराम म्हणाले. शिकवणीचे त्यांनी मुलीला कधी सांगितले नव्हते. बायकोला भेटायला आपण रोज खाली जाऊन गाडीत बसतो, हे कसे सांगणार? नुसत्या विचारानेच त्यांना लाजल्यासारखे व्हायचे.

शेवटी ते नोंदणी कार्यालयात गेले. लांब खोली, एकाच खिडकीपुढे रांग, भिंतीवर न चालणारे घड्याळ. खिडकीमागे तिशीची एक बाई होती. तिने पत्र पाहिले आणि हसली.

"एवढंच ना काका? चेहरा का असा केलाय? हा फॉर्म घ्या. खाली सही करा आणि दाराजवळच्या पेटीत टाका. नोंदणीचं पुस्तक जोडा. प्लेट गाडीलाच राहील, गाडी जागेवर राहील. परत चालवायची झाली की या, पुस्तक घेऊन जा."

"प्लेट, राहील?"

"राहील हो. मुदतीत दिलंत तर कशाला कोण काढतंय?"

अल्पविरामांचा जीव भांड्यात पडला. आता फक्त एक विचारायचे होते. गाडीत रोज कुणी बसत असेल तर चालते का? त्यांनी तोंड उघडले. मागच्या माणसाने खाकरून घसा साफ केला. त्याच्या मागच्याने "होऊ द्या आजोबा" म्हटले. अल्पविरामांनी तोंड मिटले, फॉर्म घेतला आणि बाजूच्या बाकावर येऊन बसले.

फॉर्म एका पानाचा. वर नाव, पत्ता, गाडीचा नंबर. खाली छापलेली एकच ओळ: "सदर वाहन कोणत्याही प्रकारे वापरात नाही, असे मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो."

अल्पविरामांनी पेन टेकवले आणि उचलले.

कोणत्याही प्रकारे? आणि सत्यप्रतिज्ञेवर? रोज पाऊण तास. कालच तर तिसऱ्या गिअरवरून बाईंनी त्यांना फैलावर घेतले होते. अडतीस वर्षे या माणसाने खोटे वाक्य छपाईला जाऊ दिले नव्हते. कवींशी भांडला होता, मंत्र्याच्या भाषणातली तारीख दुरुस्त केली होती. आता हे वाक्य त्याच्या सहीनिशी जाणार होते. आणि उद्या कुणी तपासायला आले, बाई गाडीत बसलेल्या दिसल्या, तर? खोटे लिहून दिले म्हणून गाडीच उचलून नेली, तर?

बाकावर बसून ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. मग हात आपोआप चालू लागला. "कोणत्याही प्रकारे" या दोन शब्दांवर एक स्वच्छ आडवी रेघ. तिच्या टोकाला गाळण्याची खूण. समासात बारीक, वळणदार अक्षरात: "रस्त्यावर". आणि खाली: "घरच्या जागेत उभ्या गाडीत केवळ बसणे होते." पुन्हा वाचले. आता वाक्य खरे होते. त्यांनी सही केली, नोंदणीचे पुस्तक जोडून फॉर्म पेटीत टाकला, आणि परतताना बऱ्याच दिवसांनी ताठ चालले. मुदतीला अजून आठ दिवस होते.

अकराव्या दिवशी फॉर्म परत आला. त्यावर तांबडा शिक्का: खाडाखोड केलेला अर्ज बाद.

या वेळी अल्पविरामांनी रांगेतल्या कुणाच्याही खाकरण्याकडे लक्ष दिले नाही. खिडकीवरच्या बाईने फॉर्म हातात घेतला आणि समासातले अक्षर पाहिले.

"काका, मी काय सांगितलं होतं? फक्त सही."

"पण ते, खरं नव्हतं. आम्ही रोज बसतो. मी आणि मंडळी."

"बसता म्हणजे?"

आणि मग, दीड वर्षात कुणालाही न सांगितलेले, अल्पविरामांनी त्या गोल भोकाच्या काचेतून सांगून टाकले. क्लच, गिअर, आरशातली भिंत, सगळे.

"अहो काका," ती हळू आवाजात म्हणाली, "मग विचारायचं ना मला त्या दिवशी. बसायला कोण नको म्हणतंय? गाडीत बसा, झोपा, पुस्तक वाचा. वापर म्हणजे रस्त्यावर काढणं. सगळ्यांना माहीत असतं ते."

"फॉर्मवर तसं, लिहिलेलं नाही."

"नाही लिहिलेलं," तिने मान्य केले.

"मग आता नवा फॉर्म देतो. फक्त सही करतो."

"मुदत तीन दिवसांपूर्वी संपली. गाडीचा नंबर जप्तीच्या यादीत गेलाय. यादी मी करत नाही, वरून येते. अर्ज करा, साहेब बघतील. पण त्यांना आधी प्लेट जमा झालेली लागते." तिने इकडेतिकडे पाहिले. "आजींना नका सांगू प्लेट काढली म्हणून. त्यांच्या लक्षात तरी येईल का?"

"ती प्लेट वाचल्याशिवाय, आत बसत नाही."

"का?"

"तिनंच शिकवलंय तसं. सगळ्यांना."

खिडकीवरच्या बाईने खाली पाहिले. तिच्यापाशी फॉर्म होते, शिक्के होते, पण या वाक्यावर मारायला काही नव्हते.

प्लेट काढायला माणूस आला तो नेमका चारला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, हातात पाने आणि स्क्रू ड्रायव्हरची पिशवी. अल्पविराम त्याला म्हणाले, "उद्या सकाळी आलात, तर?" तो म्हणाला, "सकाळी दुसरीकडे आहे हो. पाच मिनिटांचं काम." आणि तेवढ्यात बाई जिना उतरून आल्या.

माणूस गाडीपुढे उकिडवा बसला होता. बाईंना पाहून तो ताडकन उभा राहिला.

"बाई! ओळखलंत का? मी दोनदा पार्किंगमध्ये नापास झालेलो. तुम्ही म्हणायचात, तुझ्या हातात गाडीपेक्षा हातगाडी शोभते."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिले. ओळख पटली की नाही देव जाणे.

"अजून उलटाच बसतोस," त्या म्हणाल्या. "उजेड पाठीमागून घे. आणि स्क्रू कुठल्या दिशेला फिरवतोयस?"

"इकडे, बाई."

"घट्ट करतोयस का सैल?"

त्याने अल्पविरामांकडे पाहिले. अल्पविरामांनी मान खाली घातली.

"सैल, बाई."

"मग दुसऱ्या बाजूला. जोर मनगटाचा लाव, खांद्याचा नको. हां. आता स्क्रू खिशात नको टाकू, हरवतील. हातावर दे."

बाईंच्याच देखरेखीखाली पुढची प्लेट निघाली, मग मागची. माणसाच्या कपाळावर घाम आला होता, काम पाच मिनिटांचे असून. त्याने चारही स्क्रू बाईंच्या तळहातावर ठेवले.

"मला ठाऊक नव्हतं हो, काका. कागदावर नुसता नंबर असतो. येऊ मी, बाई?"

"ये. आणि पाठ कर: बिनप्लेटची गाडी म्हणजे गाडी नाही. तिला हात लावायचा नाही."

"नाही लावत, बाई," तो म्हणाला, आणि दोन्ही प्लेट काखेत धरून मान न वळवता निघून गेला.

त्या दिवशी बाई तशाच वर गेल्या. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा खाली आल्या. प्लेट काढली हे त्यांच्या गावीही नव्हते. फेरीला सुरुवात केली, पुढे वाकल्या, नंबर वाचायला तोंड उघडले आणि थांबल्या. बोटाने स्क्रूची दोन भोके चाचपली.

"नंबर कुठाय?"

"पुसायला, दिलाय," अल्पविराम म्हणाले. आयुष्यात बाईंशी ते पहिल्यांदा खोटे बोलले.

"आल्यावर बघू मग."

"नुसतं बसू या ना. निघायचं नाही, नुसतं बसू."

"बिनप्लेटच्या गाडीत मी शिकवत नाही." त्यांनी अल्पविरामांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "आणि तुम्हीही बसू नका. कुणाची गाडी आहे, कुणास ठाऊक."

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. रोज प्लेट नसल्याचे बाईंना नव्याने कळत होते आणि रोज त्या तेवढ्याच ठाम होत्या. सगळे विसरलेल्या या बाईला नेमका हा नियम तेवढा पाठ होता. अल्पविरामांनी साहेबांना अर्ज केला. अर्ज मिळाल्याची पोच आली. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" त्यावर अल्पविरामांनी, तू जेवलीस का, असे विचारले.

पाचव्या दिवशी त्यांनी सकाळभर बसून पुठ्ठ्याची प्लेट केली. पट्टीने रेघा मारल्या, आकडे काळ्या शाईने भरले, अगदी खऱ्यासारखे. हा गुन्हा होता हे त्यांना ठाऊक होते. पत्राच्या मागच्या बाजूला तेही बारीक टायपात छापलेले होते. त्यांनी ती चिकटपट्टीने लावली. चारला बाई आल्या, वाकल्या आणि नंबर वाचला. मोठ्याने, सगळा, न अडखळता. अल्पविरामांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला.

बाईंनी प्लेटचा कोपरा नखाने उचलला.

"पुठ्ठा आहे हा," त्या म्हणाल्या.

त्या चिडल्या असत्या तर बरे झाले असते. एकतीस वर्षांत एखाद्याच विद्यार्थ्याकडे पाहिले असेल तसे त्यांनी पाहिले, ज्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती अशाकडे.

"असं करायचं नसतं हो. कुणी शिकवलं तुम्हाला गाडी?"

मग बाई कठड्याला धरून जिना चढू लागल्या. अल्पविरामांनी पुठ्ठा काढून घडी करून खिशात घातला.

त्यानंतर काही दिवसांनी बाई चारला उठेनाशा झाल्या. घड्याळात चार वाजले की अल्पविराम उभे राहत, दाराशी चपला सरळ लावत, आणि पाहत. बाई खिडकीपाशी बसलेल्या असत. खिडकीच्या कडेवर चार स्क्रू ओळीने मांडलेले. ते कशाचे आहेत ते आता त्यांनाही आठवत नव्हते, पण कुणी हलवले तर चालत नसे.

महिन्याने कार्यालयाचे उत्तर आले. अर्जाचा विचार झाला होता. प्लेट परत मिळणार नव्हती. खाली जोडपत्र: सदर वाहन कोणत्याही प्रकारे वापरात नाही, अशी नोंद घेण्यात आली आहे.

अल्पविरामांनी सवयीने लाल पेन्सिल उचलली. ओळ एकदा वाचली, मग बोट ठेवून शब्द न् शब्द वाचला. मग पेन्सिल खाली ठेवली.

"अहो गृहस्थ," खिडकीपासून बाई म्हणाल्या, "काय आलंय?"

"काही नाही," अल्पविराम म्हणाले. "जेवून घ्या दोन घास."

बाईंनी ताटाकडे पाहिले आणि पाहतच राहिल्या.